आकाशातून येणारी जड अणुकेंद्रे

नाशिक रोडहून पूर्वेकडे थोडे अंतर गेले, की एकलहरे हे गाव लागते. गावाजवळ औष्णिक वीजकेंद्र आहे. त्याची उंच धुराडी दूरच्या शेतांतूनही दिसतात. १९७० साली या केंद्रातून प्रथम वीज निर्माण झाली. रेल्वेच्या वाघिणींतून येथे दगडी कोळसा येतो. त्याचे पीठ करून ते भट्टीत जाळतात. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेच्या जोराने मोठाली चक्रे फिरतात आणि वीज उत्पन्न होते.

कोळसा म्हणजे मुख्यतः कार्बन. भट्टीत कार्बनच्या अणूचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो व उष्णता बाहेर पडते. मुलांनो, या प्रचंड आगीत कार्बनच्या अणूचे नेमके काय होते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे काय? अणूच्या मध्यभागी एक अतिशय लहान व घट्ट गाभा असतो. त्याला अणुकेंद्र म्हणतात. कार्बनच्या अणुकेंद्रात सामान्यतः सहा प्रोटॉन व सहा न्यूट्रॉन असतात. त्याभोवती सहा इलेक्ट्रॉन असतात. भट्टीत जी घडामोड होते, ती केवळ या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची. अणुकेंद्राला त्या आगीची झळदेखील लागत नाही. कोळसा जळून जातो, धूर आकाशात विरून जातो. परंतु कार्बनचे प्रत्येक अणुकेंद्र जसेच्या तसे राहते.

आता आपली दृष्टी धुराड्यांच्या टोकांहून आणखी वर नेऊ या. तेथून वीस-तीस किलोमीटर उंचीवर हवा अत्यंत विरळ असते. तेथे भट्टी नाही, आग नाही, आवाज नाही. तरीही तेथे कार्बनची, ऑक्सिजनची, लोखंडाची अणुकेंद्रे रात्रंदिवस फुटत असतात. ही अणुकेंद्रे एकलहऱ्याच्या कोळशातील नव्हेत. ती पृथ्वीवरचीही नव्हेत. दूरच्या तारकामंडळांतून ती येथवर आलेली असतात. ती कोण, कोठून व कशी येतात, हवेत शिरल्यावर त्यांचे काय होते आणि त्यांच्या तुकड्यांवरून माणसाने कोणते ज्ञान मिळविले, हे आपण या पाठात पाहू.

१९१२ साली व्हिक्टर हेस हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ फुग्याच्या पाळण्यात बसून पाच किलोमीटरांहून अधिक उंच गेले. हवेत विद्युत्भारित कण निर्माण करणारे किरण जमिनीतून निघतात, अशी त्या काळी समजूत होती. ती खरी असती, तर उंच गेल्यावर हे किरण कमी व्हावयास हवे होते. हेस यांना उलटच आढळले. उंची वाढली तसे किरणही वाढले. म्हणजे ते वरून, पृथ्वीच्या बाहेरून येत होते. या किरणांना विश्वकिरण असे नाव मिळाले. या शोधाबद्दल १९३६ साली हेस यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले.

'किरण' हे नाव रूढ झाले खरे. परंतु ते प्रकाशाचे किरण नव्हेत. ते द्रव्याचे कण आहेत, हे पुढे कळून आले. त्यांतील बहुतेक कण म्हणजे प्रोटॉन, अर्थात हायड्रोजनची अणुकेंद्रे होत. १९४८ साली अमेरिकेतील मिनेसोटा व रॉचेस्टर या दोन विद्यापीठांतील संशोधकांनी छायाचित्रणाच्या विशेष काचा फुग्यांबरोबर तीस किलोमीटरच्या जवळपास उंचीवर पाठविल्या. फिलिस फ्रायर, एडवर्ड लोफ्ग्रेन, एडवर्ड नाय, फ्रँक ओपेनहायमर, हेल्मुट ब्रॅट व बर्नार्ड पीटर्स हे ते संशोधक. काचा खाली आणून धुतल्यावर सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या, तेव्हा त्यांत पातळ रेघांबरोबर काही ठसठशीत, जाड रेघाही दिसल्या. त्या रेघा जड अणुकेंद्रांनी उमटविल्या होत्या. विश्वकिरणांत केवळ हायड्रोजन व हेलियमच नव्हे, तर कार्बन, ऑक्सिजन, मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोखंड यांचीही अणुकेंद्रे असतात, हे त्यामुळे प्रथमच उघड झाले. शंभर कणांत जेमतेम एक जड अणुकेंद्र असते. पण त्या एकाने शास्त्रज्ञांना पुष्कळ काही सांगितले.

काचेवर रेघ कशी उमटते, हे समजून घेणे कठीण नाही. काचेवर रुपेरी क्षारांचा जाड लेप असतो. विद्युत्भारित कण त्यातून जाताना वाटेतील अणूंचे इलेक्ट्रॉन उडवीत जातो. काच धुतल्यावर त्या वाटेवर चांदीचे काळे दाणे दिसू लागतात. कणावरचा विद्युत्भार जितका जास्त, तितकी रेघ जाड. हे प्रमाण वर्गाचे असते. कार्बनच्या अणुकेंद्रावर सहा एकक भार असतो. त्याच वेगाने जाणाऱ्या प्रोटॉनाच्या छत्तीसपट इलेक्ट्रॉन ते उडविते. लोखंडावर सव्वीस एकक भार असतो. त्याचा परिणाम सहाशे शहात्तरपट होतो. म्हणून नुसत्या रेघेकडे पाहून, आलेला पाहुणा कोणत्या मूलद्रव्याचा आहे, हे अनुभवी संशोधक ओळखू शकतो.

बर्नार्ड पीटर्स हे पुढे मुंबईस आले. डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने १९४५ साली स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० नंतरची काही वर्षे त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास केला आणि अनेक भारतीय तरुणांना या विषयाची गोडी लावली. भाभा स्वतः विश्वकिरणांचे थोर अभ्यासक होते. दख्खनच्या आकाशात या अभ्यासाची एक खास सोय आहे, हे त्यांनी जाणले होते.

ती सोय अशी. पृथ्वी हे एक मोठे लोहचुंबक आहे. बाहेरून येणाऱ्या विद्युत्भारित कणांना हे चुंबकत्व वळवून परत लावते. ध्रुवांजवळ हे कुंपण ठेंगणे असते. विषुववृत्ताच्या बाजूस ते उंच होत जाते. आपल्या दख्खनमध्ये ते फारच उंच आहे. मंद कण ते ओलांडू शकत नाहीत. ज्यांच्या प्रत्येक प्रोटॉन-न्यूट्रॉनामागे सुमारे सात अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टांहून अधिक ऊर्जा आहे, अशीच जड अणुकेंद्रे येथे पोहोचतात. त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या शेकडा नव्व्याण्णव भागांहून अधिक असतो. निसर्गानेच जणू मंद कण चाळून बाजूस काढले आहेत. पुढे हैदराबाद येथे टाटा संस्थेने फुगे सोडण्याचे केंद्र उभारले. तेथून सोडलेल्या प्लॅस्टिकच्या प्रचंड फुग्यांनी अनेक उपकरणे हवेच्या वरच्या थरात नेली.

या ऊर्जेची कल्पना यावी म्हणून पुन्हा एकलहऱ्याच्या भट्टीकडे वळू. कार्बनचा एक अणू जळतो, तेव्हा सुमारे चार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते. अशा असंख्य अणूंच्या जळण्याने घरोघरी दिवे लागतात. आता आकाशातून येणारे कार्बनचे एकच अणुकेंद्र घ्या. त्यात बारा कण असतात व प्रत्येकामागे सात अब्जांहून अधिक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. म्हणजे त्या एका केंद्राची ऊर्जा जळणाऱ्या कार्बन-अणूच्या ऊर्जेच्या वीस अब्जपटींहून अधिक झाली. अणुकेंद्रातील एखादा कण सोडवून बाहेर काढावयास साधारणपणे ऐंशी लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. भट्टी ते काम करू शकत नाही. विश्वकिरणांना ते सहज साधते.

अणुकेंद्र फुटते म्हणजे काय होते? नाशिकच्या मुलांना द्राक्षांचा घड परिचित आहेच. घडात मणी दाटीने एकमेकांना चिकटून असतात. अणुकेंद्रातही प्रोटॉन व न्यूट्रॉन असेच दाटून बसलेले असतात. समजा, द्राक्षांचा एक घड दोरीने टांगला आहे आणि दुसरा घड कोणी त्यावर जोराने फेकला. ते समोरासमोर आदळले, तर दोन्ही घडांचे बहुतेक मणी चेंगरतील व चहूकडे उधळतील. परंतु ते नुसते कडेने घासून गेले, तर ज्या भागात स्पर्श झाला, तेथलेच मणी चेंगरतील. फेकलेल्या घडाचा उरलेला भाग जवळजवळ पूर्वीच्याच वेगाने पुढे निघून जाईल. धक्क्याने सैल झालेले दोन-चार मणी त्यातून वाटेत गळूनही पडतील.

जड अणुकेंद्राचे हवेत अगदी असेच होते. हवेतील नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या अणुकेंद्राशी त्याची गाठ पडते. जो भाग एकमेकांवर येतो, तो तापून उद्ध्वस्त होतो व त्यातून पायॉन नावाचे नवे कणही जन्म घेतात. जो भाग बाजूला राहिला, तो पहिल्या वेगाने व जवळपास पहिल्याच दिशेने पुढे जातो. मात्र आता तो पूर्वीचे मूलद्रव्य राहिलेला नसतो. ऑक्सिजनमधून दोन प्रोटॉन व काही न्यूट्रॉन गेले, की कार्बन उरतो. कार्बनमधून एक प्रोटॉन गेला, की बोरॉन उरतो. कधी कार्बनच्या बारा कणांचे चार-चारांचे तीन गट पडतात आणि हेलियमची तीन अणुकेंद्रे शेजारी शेजारी धावू लागतात. छायाचित्रणाच्या काचेत हे दृश्य स्पष्ट दिसते. एक जाड रेघ येते. एका बिंदूशी तिचा अंत होतो. तेथून चांदणीच्या टोकांप्रमाणे आखूड रेघा चहूकडे पसरतात. आणि पुढच्या दिशेने काही बारीक, सरळ रेघा एका अरुंद जुडग्यात निघून जातात. या क्रियेस अणुकेंद्राचे विखंडन म्हणतात.

मोठा घड लहान घडापेक्षा लवकर आडव्या फांदीला अडकतो. त्याचप्रमाणे मोठे अणुकेंद्र लहानापेक्षा लवकर आपटते. ब्रॅट व पीटर्स यांनी १९५० साली या गोष्टीसाठी एक साधे सूत्र मांडले. दोन्ही केंद्रांच्या त्रिज्या मिळवावयाच्या, त्यांच्या कडा थोड्या मऊ असतात म्हणून त्यातून किंचित वजा करावयाचे आणि त्या त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढावयाचे. तेवढ्या क्षेत्रात जे येईल, ते आपटेल. हे सूत्र आजही 'ब्रॅट-पीटर्स सूत्र' म्हणून वापरात आहे.

आता एक हिशेब करू. आपल्या डोक्यावर हवेचा केवढा थर आहे? एकलहरे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून थोडे अधिक उंच आहे. तेथे जमिनीच्या एक चौरस सेंटिमीटर जागेवर आकाशापर्यंत उभा केलेला हवेचा स्तंभ साधारणपणे साडेनऊशे ग्रॅम वजनाचा भरेल. लोखंडाची अणुकेंद्रे हवेत शिरली आणि त्यांनी सुमारे दहा ग्रॅम हवा ओलांडली, की त्यांतील निम्मीच अभंग उरतात. आणखी दहा ग्रॅम गेले, की उरलेल्यांतील निम्मी. शंभर ग्रॅम हवा ओलांडेपर्यंत, म्हणजे सुमारे सोळा किलोमीटर उंचीपर्यंत येताना, एक हजारात जेमतेम एक शिल्लक राहते. एकलहऱ्याच्या जमिनीपर्यंत यावयाचे, तर अर्ध्याचे अर्धे असे पंचाण्णव वेळा करावे लागेल! म्हणून बाहेरून आलेले लोखंडाचे एकही जड अणुकेंद्र गावाच्या अंगणापर्यंत अभंग पोहोचत नाही. हवा ही आपली मोठीच ढाल आहे.

परंतु हीच ढाल शास्त्रज्ञांच्या कामात अडचण होऊन बसली. त्यातून एक गाजलेला वाद निर्माण झाला.

लिथियम, बेरिलियम व बोरॉन ही तीन हलकी मूलद्रव्ये विश्वात अत्यंत दुर्मिळ आहेत. ताऱ्यांच्या पोटातील उष्णतेत ती टिकत नाहीत. मग विश्वकिरणांत ती असतात काय? नसतील, तर विश्वकिरण आपल्या जन्मस्थानापासून फारसे कोठे न आपटता सरळ येथे आले, असे ठरते. असतील, तर ती वाटेत कार्बन-ऑक्सिजनच्या विखंडनातून तयार झाली असली पाहिजेत. आणि त्यांच्या संख्येवरून विश्वकिरणांनी केवढा प्रवास केला, हे काढता येईल. प्रश्न असा महत्त्वाचा होता. पहिल्या मोजणीत ब्रॅट व पीटर्स यांना ही केंद्रे जवळजवळ आढळली नाहीत. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांना मात्र ती बरीच आढळली. दोन्ही बाजूंचे लोक कुशल व प्रामाणिक होते. मग सत्य कोणते?

अडचण कोठे होती, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. नाशिकहून द्राक्षांची पेटी मुंबईच्या व्यापाऱ्याकडे जाते. पेटी उघडली, तर तळाशी काही सुटे मणी आढळतात. हे मणी पेटी भरतानाच सुटे होते, की वाटेत गाडीच्या हादऱ्यांनी गळाले, की पेटी उतरविताना हमालाच्या हातून आपटली तेव्हा गळाले? वाटेतील खाचखळग्यांची माहिती हवी असेल, तर आधी उतरविताना किती मणी गळतात, हे ठाऊक असले पाहिजे. तेवढे वजा केल्यावाचून हिशेब जुळावयाचा नाही.

फुग्याचेही तसेच आहे. फुगा कितीही उंच गेला, तरी त्याच्यावर थोडी हवा उरतेच. एकतीस किलोमीटर उंचीवर ती सुमारे दहा ग्रॅम असते. तेवढ्या हवेतच लोखंडाची निम्मी केंद्रे फुटतात, हे आपण आताच पाहिले. मग काचेवर दिसलेले बोरॉन ताऱ्यांमधल्या पोकळीत तयार झाले, की फुग्याच्या डोक्यावरच्या हवेत? हे ठरविण्यासाठी विखंडनाचे नियम बारकाईने शोधणे आवश्यक झाले. एक हजार कार्बन-केंद्रांपासून किती बोरॉन, किती बेरिलियम, किती हेलियम मिळते, हे काचांतील शेकडो टकरी एकेक करून मोजून ठरविण्यात आले. मुंबईतही असे काम झाले. सूक्ष्मदर्शकाशी तासन्‌तास बसून रेघांचे दाणे मोजावयाचे, हे काम किती चिकाटीचे असेल, याची कल्पना करा! पुढे १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथे यंत्राच्या साहाय्याने जड अणुकेंद्रांना तशाच प्रचंड वेगाने पळविणे शक्य झाले आणि हे आकडे अधिक अचूक झाले.

अखेरीस वादाचा निर्णय लागला. हलकी केंद्रे विश्वकिरणांत खरोखरच होती. कार्बन, नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या मानाने ती साधारण एक-चतुर्थांश भरली. पहिली मोजणी कमी ठरली, म्हणून ती करणाऱ्यांना कोणी उणे लेखले नाही. कारण वाद मिटला तो त्यांनीच सुरू केलेल्या अभ्यासाच्या आधारे. शास्त्रात कोण बरोबर होता यापेक्षा काय बरोबर आहे, यालाच अधिक मान असतो.

त्या हलक्या केंद्रांनी सांगितलेली गोष्ट मोठी नवलाची आहे. आपल्या आकाशगंगेत स्फोट पावलेल्या महाकाय ताऱ्यांच्या परिसरात बहुतेक विश्वकिरणांना वेग मिळतो, असे शास्त्रज्ञ मानतात. तेथून निघालेली केंद्रे आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्रांत वळत-भटकत राहतात. या भटकंतीत त्यांना प्रत्येक चौरस सेंटिमीटरामागे केवळ पाच ते सात ग्रॅम द्रव्य लागते. म्हणजे चार बोटे खोल पाण्यातून जाण्याइतके! आणि या प्रवासाला वेळ किती लागतो? त्याचे उत्तर बेरिलियम-१० या प्रकाराने दिले. तो किरणोत्सर्गी आहे व सुमारे चौदा लाख वर्षांत निम्मा नाहीसा होतो. विश्वकिरणांत त्याचा किती अंश उरला आहे, हे मोजून प्रवासाचा काळ सुमारे दीड कोटी वर्षे ठरला. दीड कोटी वर्षांच्या वाटचालीत जेवढे द्रव्य आडवे आले नाही, तेवढे आपल्या वातावरणात शिरताच निमिषार्धात आडवे येते. एवढा दीर्घ प्रवास करून आलेले लोखंडाचे केंद्र दख्खनच्या माथ्यावर एका क्षणात फुटून जाते.

मग आपल्या अंगणापर्यंत काहीच पोहोचत नाही काय? पोहोचते. टकरींतून निघालेले पायॉन लगेच मोडतात व त्यांपासून म्यूऑन नावाचे कण होतात. ते हवा भेदून खाली येतात. दर मिनिटाला प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर साधारण एक म्यूऑन पडतो. तुम्ही तळहात पसरून उभे राहिलात, तर एका मिनिटात शंभराच्या आसपास म्यूऑन त्यातून आरपार जातील. तुम्हाला मात्र काहीच कळणार नाही. तमिळनाडूमधील उदगमंडलम येथे टाटा संस्थेने म्यूऑन मोजण्यासाठी ५६० चौरस मीटरांचे मोठे उपकरण उभारले आहे. या प्रयोगाचे नाव 'ग्रेप्स-३' असे आहे. ते एका लांबलचक इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप आहे. पण इंग्रजीत ग्रेप्स म्हणजे द्राक्षे, हा योगायोग नाशिककरांना आवडण्यासारखा आहे.

दुसरी खूण पावसाबरोबर येते. बाहेरून आलेल्या केंद्रांमुळे हवेत प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचा वर्षाव होतो. ते हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनला आपटून त्यांचेही तुकडे करतात. त्या तुकड्यांत बेरिलियम-७ हा किरणोत्सर्गी प्रकार असतो. तो धूलिकणांना चिकटतो व पावसाच्या थेंबांबरोबर खाली येतो. दर त्रेपन्न दिवसांनी तो निम्मा होतो. १९५५-५६ च्या सुमारास अमेरिकेत व आपल्या देशात त्याचा शोध घेण्यात आला. टाटा संस्थेतील देवेंद्र लाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाच्या पाण्यातून हे बेरिलियम वेगळे करून मोजले. पुढे बेरिलियम-१० समुद्राच्या तळच्या गाळातही सापडले. हवा वरून खाली कशी येते, गाळ किती सावकाश साचतो, यांसारख्या प्रश्नांच्या अभ्यासाला त्यामुळे नवे साधन मिळाले. पावसातील हे प्रमाण इतके अल्प असते, की त्यापासून कोणाला इजा होत नाही.

पृथ्वीवर आपण हवेच्या ढालीखाली सुरक्षित आहोत. अवकाशात जाणाऱ्या माणसाला ही ढाल नसते. जड अणुकेंद्र शरीरातून गेले, तर वाटेतील पेशींना मोठी इजा होऊ शकते. मग यानाची भिंत कशाची करावी? येथेही विखंडनाचे ज्ञान उपयोगी पडते. इजेचे प्रमाण भाराच्या वर्गावर अवलंबून असते, हे तुम्हाला आठवत असेलच. लोखंडाचा वर्ग सहाशे शहात्तर. त्याचे तेरा-तेरा भाराचे दोन तुकडे झाले, तर प्रत्येकाचा वर्ग एकशे एकोणसत्तर. दोहोंची बेरीज तीनशे अडतीस, म्हणजे बरोबर निम्मी. सव्वीस सुटे प्रोटॉन झाले, तर बेरीज अवघी सव्वीस. म्हणून जड केंद्र भिंतीतच फोडणे हिताचे. शिशाची जाड भिंत उत्तम, असे प्रथम वाटते. परंतु शिशाची केंद्रे मोठी असल्यामुळे त्यांतूनच पुष्कळ न्यूट्रॉन बाहेर उसळतात. वजनाच्या मानाने पाणी व हायड्रोजनयुक्त प्लॅस्टिक ही अधिक चांगली ढाल ठरतात. जपानमधील चिबा येथे १९९४ पासून कार्बनच्या वेगवान केंद्रांनी कर्करोगावर उपचार करतात. तेथेही केंद्राचे तुकडे शरीरात कोठवर जातील, याचा आधी हिशेब करावा लागतो.

भारताने याच अणुकेंद्रांच्या अभ्यासासाठी १९८५ साली 'अनुराधा' नावाचे उपकरण अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून अवकाशात पाठविले. टाटा संस्थेतील सुकुमार विश्वास यांनी या प्रयोगाचे नेतृत्व केले. त्यात खास प्लॅस्टिकचे पापुद्रे होते. जड केंद्र त्यातून गेले, की त्याची सूक्ष्म खूण मागे राहत असे. अनुराधा हे आपल्या सत्तावीस नक्षत्रांपैकी एकाचे नाव होय.

मुलांनो, पावसाळ्याच्या पहिल्या सरी एकलहऱ्याच्या कौलांवर, शेतांवर आणि वीजकेंद्राच्या धुराड्यांवर सारख्याच पडतात. ते पाणी तुम्ही ओंजळीत घ्याल, तेव्हा एक गोष्ट आठवा. भट्टीच्या आगीला जे कधी जमले नाही, ते आपल्या माथ्यावरच्या शांत आकाशात क्षणोक्षणी घडते आहे. आणि त्याची एक बारीकशी खूण त्या ओंजळीतही आलेली आहे. ती डोळ्यांना दिसत नाही. पण ज्यांनी धीराने रेघा मोजल्या, वाद घातले, चुका सुधारल्या व पुन्हा मोजल्या, त्यांना ती दिसली. तशी दृष्टी अभ्यासाने तुम्हालाही येईल.

अभ्यास

१. भट्टीत कोळसा जळतो तेव्हा कार्बनच्या अणुकेंद्रात बदल का होत नाही?

२. जड अणुकेंद्राचे विखंडन द्राक्षांच्या घडाच्या उदाहरणाने तुमच्या शब्दांत समजावून सांगा.

३. फुग्यावर उरलेल्या थोड्या हवेमुळे संशोधकांच्या मोजणीत कोणती अडचण आली? ती कशी दूर झाली?

४. लोखंडाच्या अणुकेंद्राचे वीस व सहा भाराचे दोन तुकडे झाले, तर त्यांच्या वर्गांची बेरीज किती येईल? तेरा-तेरा भाराच्या तुकड्यांशी तिची तुलना करा.